जोडप्यामधली जाळी

आमच्या पुढच्या खोलीत माशांची टाकी आहे. तिच्याजवळ कुणी येत नाही, म्हणून मला ती हवी असते. मासे आवडतात असं नाही. त्यातला नर मला कधीच आवडला नाही आणि त्यालाही मी आवडले नाही.

टाकी धाकट्या दिराची. भोरात होता तेव्हा त्यानं हौसेनं आणली आणि पुण्यात नोकरी लागल्यावर आमच्या गळ्यात घालून गेला. या माशांना रेड डेव्हिल म्हणतात. अमेरिकेच्या मधल्या देशांतल्या तळ्यांतली जात आहे, असं तो सांगायचा. सासू लालतोंड्या म्हणते. नर दीड वीत लांब, गाजराच्या रंगाचा, कपाळावर मोठं टेंगूळ. काचेपाशी कुणी गेलं की आतून धडक मारतो. पाण्यात हात घातला तर चावतो. दात बारीक असतात, पण बोट किसणीवर गेल्यासारखं सोलून निघतं. माझ्या नवऱ्यानं एकदाच हात घातला. त्यानंतर तो टाकीकडे बघतसुद्धा नाही. सासू पहिल्यापासूनच लांब. त्यामुळे पाणी बदलणं, खाणं घालणं माझ्याकडे आलं. मला कुणी विचारलं नव्हतं.

मला माणसांत बोलता येत नाही. पाहुणे आले की मी चहा देऊन भिंतीला टेकून उभी राहायचे. "मुकी हाय का वो तुमची सून?" असं एकीनं माझ्यासमोरच विचारलं होतं आणि सासू हसली होती. ते हसणं मी विसरलेली नाही. टाकी आल्यापासून मी टाकीकडे तोंड करून उभी राहते. काहीतरी काम करतेय असं वाटतं, कुणी काही विचारत नाही. या घरात माझी एकटीची जागा म्हणजे काचेपासून हातभर. ती मला नरानं मिळवून दिली, त्याच्या वाईट स्वभावानं.

मादी वीतभर, फिकट पिवळी. आधीची मादी या नरानं मारली होती. सकाळी पाहिली तर डोळे नव्हते, शेपटी नव्हती. दिरानं फोनवर सांगितलं, "वहिनी, ही जातच तशी. दुसरी पाठवतो." दुसरी आली तेव्हा मी बाजारातून टोमॅटोचं फुटकं क्रेट आणलं, त्याची एक बाजू कापली आणि टाकीत मधोमध पडद्यासारखी उभी बसवली. त्या जाळीला एक भोक मोठं केलं. मादी त्यातून जाईल, नर जाणार नाही, एवढंच. मादीनं पालथ्या कुंडीवर अंडी घातली. पहिल्या खेपेला ती पांढरी पडून गेली. पुढच्या खेपेची नरानं खाल्ली, कारण जाळी सैल होती. मग दीर म्हणाला, "आता शेवटचं. या खेपेला पिल्लं जगली तर ठीक, न्हाईतर टाकी सारोळ्याच्या एका दोस्ताला देऊन टाकतो. नुसतं लाईटबिल कशाला भरायचं?"

लाईटबिल तो भरत नव्हता. पण टाकी त्याची होती.

त्या खेपेला पिल्लं झाली. डोळे असलेल्या शेपट्या, दुसरं काही नाही. मी उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून घालायचे. काचेजवळ कुणी आलं की मादी अंग थरथरवायची आणि सगळी एकदम तळाशी चिकटून बसायची. नर पलीकडून जाळीवर डोकं आपटायचा. मी तिकडे लक्ष देत नव्हते.

आणि तेव्हाच विंझरहून नणंद आली.

ही माझी थोरली नणंद. तिचा नवरा भांडून त्याच्या भावाकडे जाऊन राहिला होता. गुरुजींनी तिला सांगितलं होतं, साडेसाती आहे, दर शनिवारी माशांना कणकेचे गोळे घाला. हे पुष्कळ जण करतात. भोरात नदी आहे, घाट आहे, तिथं जाऊन घालतात. शनिवारी सकाळी मी परातीत गोळे वळलेले पाहिले आणि वाटलं, चालली घाटावर. तर ही परात घेऊन पुढच्या खोलीत.

"वन्सं, हितं नका टाकू," मी म्हणाले. "पाणी खराब होतंय. पिल्लं हायत."

"घाटावर शेवाळ लई. पाय घसरला म्हंजे? घरात मासं असताना नदीवर कशाला जायचं?"

"ह्ये कणीक खात न्हाईत."

"न खायाला काय झालं? नदीचं खात्यात, ह्यो काय लाटसाहेब हाय?" आणि सासूला हाक मारून, "आई, हिची मासळी बी हिच्यासारखीच. वाढल्यालं खात न्हाई."

दोघी हसल्या. तिनं गोळे टाकले. एकेक नाही, मूठमूठ. गोळे तळाशी बसले आणि विरघळायला लागले. मी जाळीच्या पळीनं काढायला गेले तर सासूनं माझं मनगट धरलं.

"देवाच्या नावानं टाकल्यालं काढू नाय. माशानं खाल्लं तरच शनीचा गिरहो सुटतो. ऱ्हाऊ दे."

"खाणार न्हाई तो, आत्याबाई."

"तुला काय कळतंय? खाईल भूक लागल्यावर."

मी मनगट सोडवून घेतलं, पण पळी खाली ठेवली. जेवणं होईपर्यंत पाणी पेजेसारखं झालं. पिल्लं वर येऊन तोंड उघडझाप करायला लागली. निम्मं पाणी बदलायला हवं होतं. नळाच्या पाण्यात औषध असतं, म्हणून मी मागच्या दारी पिंपात पाणी भरून शिळं करून ठेवते. पिंप उघडलं तर रिकामं. नणंदेनं त्यात तिची लुगडी धुतली होती. दोरीवर ओळीनं वाळत होती, झेंड्यासारखी.

शेजारच्या चाचींकडे बोअर आहे. बोअरच्या पाण्यात औषध नसतं. इतक्या वर्षांत मी त्यांच्या दारात काही मागायला गेले नव्हते. कळशी घेऊन गेले आणि उंबऱ्याबाहेर उभी राहिले. काय म्हणायचं ते तोंडातून निघेना.

"कोण? आगंबाई, ही!" चाची म्हणाल्या. "बोल की. तोंड हाय न्हवं तुला?"

"पाणी पायजे," मी म्हणाले. "बोअरचं. लई पायजे."

"मग घे की. रडतीस कशाला?"

मी रडत नव्हते. मला राग आला होता आणि राग आला की माझे डोळे भरतात, ते मला अजिबात आवडत नाही.

पहिली खेप घेऊन आले तेव्हा नणंद टाकीपाशी उभी होती. तिच्या हातात माझी जाळी होती, पाणी गळत असलेली. जाळीची वरची कड पाण्याबाहेर असते. तिनं तिथं धरून वर ओढून काढली होती.

"जोडप्याला येगळं ठेवू नाय कदी," ती म्हणाली. "माझ्या घरात काय चाललंय तुला ठाव न्हाई का? आन् हितं तू नवरा-बायकूच्या मदी भिंत घालून ठिवलीस. दोष लागतो. म्हनून तर गुण येईना."

त्या गढूळ पाण्यात नारिंगी रंग इकडून तिकडे जात होता. मादी कोपऱ्यात, कुंडीच्या मागे आडवी पडली होती. तिचा ओठ फाटला होता, एका बाजूचे खवले गेले होते. नर मागे सरकायचा आणि पुन्हा तिच्यावर जायचा. पिल्लं कुठं दिसत नव्हती.

मी कळशी खाली ठेवली आणि कोपरापर्यंत हात घातला. तो चावला. पुन्हा चावला. मी मादीला हातानंच धरलं आणि बादलीत टाकलं. कळशी तिच्यावर ओतली. माझ्या हातातून रक्त येत होतं आणि नणंद म्हणत होती, "आगं, आगं, ही येडी झाली काय!"

मग मी बोलले. मोठ्यानं, चाचींना ऐकू जाईल इतकं.

"वन्सं, तुमच्या घरात माणूस टिकंना, ते माज्या जाळीनं न्हाई. तुमी जितं जाता तितं हात घालता म्हनून. आन् ही मेली तर बघा. शनिवारी, तुमच्या हातानं, लेकुरवाळी मेलेली असंल. जावा मग गुरुजींकडं, इचारा त्यांना किती गोळं लागत्यात ते."

तिचा चेहरा पांढरा पडला. सासू दारात येऊन उभी होती. माझं चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही, आताही वाटत नाही. साडेसातीवर माझा विश्वास नाही. तिचा आहे, म्हणून ते बोलले.

ती त्याच दुपारच्या एसटीनं विंझरला गेली. ओली लुगडी पिशवीत कोंबून. मी तोवर नळी तोंडानं ओढून टाकीतलं पाणी उपसत होते, चाचींकडून खेपा घालत होते, तळातली कणीक काढत होते. जाळी परत बसवली आणि मादीला तिच्या बाजूला सोडलं. पिल्लं बरीचशी मेली होती. पाणी निवळल्यावर कुंडीच्या आत थोडी दिसली, अंगठ्याएवढ्या जागेत मावतील इतकी. मादी तिरकी तिरकी पोहत तिथं गेली आणि कुंडीच्या भोकासमोर उभी राहिली.

मी नवऱ्याचा मोबाईल मागून घेतला. तो बघतच राहिला, मी कधी फोन मागत नाही.

"भावजी," मी म्हणाले, "नर घेऊन जावा. सारोळ्याला द्या, कुणाला बी द्या. मादी आन् पिल्लं हितं ऱ्हातील."

"वहिनी, नराशिवाय टाकीला काय अर्थ? खरा मासा तर तोच. आणि पिल्लं किती राहिली?"

"ऱ्हायलीत. जगली तर टाकी ठेवतो म्हनला होता."

"पण तसं नव्हतं म्हणालो मी..."

"तसंच म्हनला होता," मी म्हणाले आणि फोन नवऱ्याच्या हातात दिला. पुढचं त्यांचं त्यांनी बोलावं.

रविवारी दीर आला. नराला मोठ्या पिशवीत घालताना त्याचंही बोट सोललं, ते बघून मला बरं वाटलं. जाताना म्हणाला, "आता कोणपण हात घालंल टाकीत." मलाही तीच धास्ती होती. नर गेला म्हणजे माझी जागाही गेली, असं धरून मी चालले होते.

पण मादीचा ओठ भरून आला तो वाकडाच, आणि पिल्लांच्या मागे ती जी उभी राहिली ती नराच्या वरची निघाली. सासू परवा दिवा लावायला म्हणून काचेजवळून गेली तर ही आतून अशी आदळली की पाणी बाहेर उडालं आणि दिवा विझला. सासू "मेली रांड" म्हणाली. तिला म्हणाली की मला, मी विचारलं नाही. माझ्याशी ती त्या शनिवारपासून बोलत नाही. आता ती मागच्या दारानं येते-जाते.

पुढची खोली दिवसभर रिकामी असते. मी तिथं बसून तांदूळ निवडते.