पाचव्या गाण्याचे शब्द

हे अजून कुणाजवळ बोललो नाही – बायकोजवळसुद्धा नाही. तुम्हाला सांगतो.

मी जळगाव जामोदचा. पुण्यात आमचा बँड होता, मी गायचो. गिटारवर आमच्याच भागातल्या सोनाळ्याचा राजू. बँड मोडल्यावर मी एकट्यानेच अल्बम काढला – संथ, धुक्यासारखा. गिटारचे सूर लांब विरत जाणारे, त्यात माझा दबका आवाज. लोकांना त्यातलं पाचवं गाणं सगळ्यांत आवडलं. वऱ्हाडीतलं, आईवरचं.

ते गाणं – थांबा, आधीचं सांगतो.

बँड असताना राजूने ते तालमीत म्हणून दाखवलं होतं. त्याची माय कापूस वेचायला जायची – ओटीत कापूस, पाठीला हा बांधलेला. त्यावरचं. बाकीचे ऐकत राहिले. हसलो तो मीच. "पुण्यात हे कोन आयकीन बे?" म्हणालो. घरी तर मीही हेच बोलतो. मग का हसलो? पुण्याच्या पोरांसमोर मला त्याच्यासारखं दिसायचं नव्हतं. राजूचं तालमीला येणं कमी झालं. मग तो गावीच परतला.

त्या तालमीचं रेकॉर्डिंग माझ्या फोनमध्ये राहिलं. अल्बमला एक गाणं कमी पडत होतं. शब्द तसेच उचलले, चाल थोडी संथ केली. त्याला विचारता आलं असतं – नंबर होता. विचारलं नाही. गीतकार म्हणून स्वतःचं नाव टाकलं. मुलाखतीत कुणी म्हणालं, ही आई कोण? मी म्हणालो, माझी.

माझी आई शाळेत शिकवायची. कापूस वेचायला ती कधी गेली नाही. मुलाखत ऐकून तिने एवढंच विचारलं, "हे कोनाची माय हाय रे?" मी उठून बाहेर गेलो.

मग राजूचा फोन आला. वाटलं, शिव्या घालेल.

"मस्त गायलं बे," तो म्हणाला. "मायनं आयकलं, रडली. म्या तिले सांगतलं – लिवलं म्या, गायलं माह्या दोस्तानं. तिले वाचता येत नाही, म्हून बरं हाय."

मी काय बोललो? "हाव," म्हणालो. आणि आवाज तुटतोय असं सांगून फोन ठेवला. आवाज स्वच्छ येत होता.

याला दोन वर्षं झाली. गीतकाराचं नाव बदलायला कंपनीला एक निरोप पुरतो. तो मी पाठवलेला नाही. परवा बुलढाण्यात ते पुन्हा गायलो. टाळ्या पडल्या, आणि मी मान लववून त्या घेतल्या.