दाभणबाईनं शिवलेली दोन पुस्तकं

तुमच्या घरात दोन पोरं असतील, तर खरं सांगा, तुमचं लक्ष कोणाकडे जास्त जातं? घर डोक्यावर घेणाऱ्याकडे, की कोपऱ्यात बसून आपलं आपण करणाऱ्याकडे? उत्तर मोठ्यानं द्यायची गरज नाही. दाभणबाईला हे कुणी विचारलं असतं तर तिनं विचारणाऱ्याचीच खरडपट्टी काढली असती.

छापखान्याच्या मागच्या खोलीत ती पुस्तकं बांधायची. छापलेल्या मोठ्या तावांना घड्या घालून फर्मे करायचे, फर्मे क्रमानं लावायचे, दाभणानं भोकं पाडून दोऱ्यानं शिवायचे आणि पाठीला खळ लावून पुठ्ठा चढवायचा. हातात दाभण, जिभेलाही तसंच टोक, म्हणून छापखान्यातल्यांनी हे नाव ठेवलं आणि तिनं ते मिरवलं. शाळा तिची चौथीतच सुटली होती. पण बांधायला जे येईल ते वाचून काढायची खोड लागली आणि त्यावर ती शहाणी झाली. पाण्याचा नळ असो की घरमालकाची दादागिरी, वस्तीतली माणसं आधी तिच्या दारात यायची. नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर होता. तो घरी यायचा तो झोपायला आणि कपडे धुवायला टाकायला.

तिला जुळी होती. मुलगी घटकाभर आधी जन्मली, एवढ्या भांडवलावर ती थोरली झाली. मुलाला सगळे भोवरा म्हणायचे, कारण एका जागी टिकणं त्याच्या रक्तातच नव्हतं. थोरलीला शाळा म्हणजे जीव की प्राण. खिडकीजवळचं बाक, बाकावरची मैत्रीण, वह्यांची कव्हरं यातच ती रमलेली असायची. भोवऱ्याला शाळा म्हणजे शिक्षा. सातवीचं वर्ष लागलं आणि वर्गशिक्षकांनी ती शिक्षा खरीच केली. पोरगं सारखं उठतं म्हणून त्याला खेळाच्या सामानाच्या खोलीत घातलं, बाहेरून कडी लावली आणि विसरून गेले. शाळा सुटल्यावर थोरलीनं शोधलं, कडी तिनंच काढली. भोवऱ्याची चड्डी ओली होती. त्यानंतर कितीतरी दिवस तो धड बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी दाभणबाई मुख्याध्यापकांच्या टेबलासमोर उभी राहिली. पोरांना वळण लावावंच लागतं, असं ते म्हणाले. वळण लावायला कडी लागत असेल तर आधी स्वतःला कोंडून बघा, असं तिनं ऐकवलं, शाळेनं दिलेली दोघांची पुस्तकं टेबलावर आपटली आणि दोन्ही पोरांना घेऊन निघाली. इथपर्यंत तिचं काहीच चुकलं नव्हतं. कुणाही आईचं रक्त उसळावं असाच तो प्रकार होता.

रस्त्यात थोरलीनं विचारलं, "मी पण?"

"तू पण. असल्या शाळेत माझं एकही पोर राहणार नाही."

थोरलीच्या शाळेबद्दल त्या घरात झालेली चर्चा एवढीच.

शिक्षण कार्यालयात तिनं नियम समजून घेतला. मुलांना घरी शिकवता येतं, पण वर्षाच्या शेवटी कार्यालयात त्यांची परीक्षा होते. जे मूल नापास होईल त्याला जवळच्या शाळेत, त्याच वर्गात पुन्हा बसवावं लागतं. जवळची शाळा तीच होती, वर्गशिक्षक तेच आणि ती खोलीही तीच. दाभणबाईच्या डोळ्यांसमोर तेवढी एक कडी राहिली. वाट्टेल ते झालं तरी भोवरा पास व्हायला हवा होता.

तिनं वर्षभराचा अभ्यास आखायला घेतला. पुठ्ठ्याचा मोठा तक्ता करून भिंतीवर लावला आणि मधोमध रेघ मारून दोन रकाने पाडले. भोवऱ्याचा रकाना तिनं हाडाची काडं करून भरला. अपूर्णांक तावांच्या घड्यांवर शिकवायचे ठरले: एकदा दुमडला की अर्धा, पुन्हा दुमडला की पाव, आणखी एकदा की अष्टमांश. घडी दाबायची पट्टी त्याच्या हातात दिली आणि त्याच्या नकळत अपूर्णांक त्याच्या बोटांत शिरले. भूगोल बापाच्या ट्रकवरून चालायचा. बाप फोनवर सांगेल त्या गावाला खूण करायची, वाटेत कोणती नदी लागली, शेतात काय उभं होतं ते विचारायचं. कविता जिना चढता-उतरता पाठ करायच्या. इतिहास ती स्वतः सांगायची, शेजारणींचं भांडण सांगावं तसा, आधी कुणी कुणाची खोडी काढली इथपासून. भोवरा उभ्या उभ्या ऐकायचा, मध्येच लोळायचा, पण ऐकायचा.

थोरलीच्या रकान्यात वर एकच शब्द होता, 'स्वाध्याय'. त्याखाली शेवटपर्यंत नुसती 'वरीलप्रमाणे'ची खूण.

आता पुस्तकं. छापखान्यात सातवीची पुस्तकं छापली जात होती. शाई पसरलेले, वाकडे छापलेले ताव रद्दीत जायचे. मशीनवरचे काका जुनं माणूस, त्यांनी तिच्यासाठी रद्दीतून वाचता येतील असे ताव निवडून ठेवले. सगळे विषय एकाच पुस्तकात शिवायचे म्हणून तिनं फर्मे लावले, तेव्हा एक संच पूर्ण निघाला. दुसऱ्यात गणिताचे मधले बरेच फर्मे नव्हते आणि विज्ञानाचे शेवटचे निम्म्याहून जास्त नव्हते.

काका म्हणाले, "दुसरं दुकानातून घेऊन टाका की बाई."

"काका, या गावातली निम्मी पुस्तकं माझ्या हातची. मी शिवलेलं पुस्तक मीच विकत घेऊ?"

"शिवता तुम्ही. पण वाचायचं पोरीला आहे."

"तिचं भागेल," दाभणबाई म्हणाली.

पूर्ण पुस्तक कुणाला द्यायचं यावर तिनं क्षणभरही विचार केला नव्हता, आणि काकांनीही न सांगता ओळखलं होतं. भोवऱ्याला कोरं पान दिसलं असतं तर त्यानं त्याचं विमान केलं असतं. थोरलीचं मात्र नेहमी भागायचं. लहानपणी एकच सफरचंद असलं तरी भागायचं, तापात पडली आणि आई कामावर गेली तरी भागायचं. दुसरं पुस्तक बारीक दिसू नये म्हणून दाभणबाईनं नसलेल्या फर्म्यांच्या जागी कोरे ताव घालून शिवले. शिवण इतकी घट्ट की बघणाऱ्यानं वाहवा करावी. कोऱ्या पानांवर भोवऱ्याच्या पुस्तकातून हातानं उतरवून देते, असा शब्दही दिला.

थोरलीनं त्या कोऱ्या पानांच्या तळाशी पेन्सिलीनं पानांचे आकडे घातले. आधीचं पान आणि नंतरचं पान यांच्या मधले, एकही न चुकवता. पाहुणा येणार म्हणून जागा अडवून ठेवावी तशी तिनं ती पानं ठेवली.

काही दिवसांनी तिनं विचारलं, आई, ती पानं कधी? उद्या, असं उत्तर मिळालं. नंतर पुन्हा विचारलं, पुन्हा उद्या. मग तिनं भोवऱ्याचं पुस्तक घेऊन आपणच उतरवायला सुरुवात केली. भोवऱ्यानं पुस्तक ओढलं, किंचाळला, पुठ्ठ्याचा तक्ता भिंतीवरून खाली आला आणि दिवसाचा अभ्यास बुडाला. दाभणबाई थोरलीवरच बरसली. "त्याच्या पुस्तकाला हात लावायचा नाही. आत्ता कुठे तो पुस्तकाला माझं म्हणायला लागलाय." जुन्या मैत्रिणीकडे जाऊन उतरवू का, एवढंच पोरीनं विचारलं. त्या शाळेच्या पुस्तकाची भीक नको, असं आईनं सांगितलं. थोरलीनं पुन्हा विषय काढला नाही. आईला वाटलं, चला, पोर समजूतदार आहे.

मध्यंतरी छापखान्यात तीच पुस्तकं पुन्हा छापायला आली. काकांनी तिच्याकडे नसलेले ताव आठवणीनं बाजूला काढले, तिच्या टेबलाखालच्या फळीवर ठेवले आणि तिला सांगितलंही. तेव्हा ती भोवऱ्याच्या त्रैराशिकात बुडालेली होती. उद्या नेते, ती म्हणाली. त्या तावांवर दुसरे ताव आले, आणि त्यांच्यावर आणखी.

भोवरा सुधारत होता, हे खोटं नाही. तो हसायला लागला, गणित घालायला लागला, बापाला फोनवर नद्या विचारून भंडावायला लागला. वस्तीत बोलबाला झाला. ज्यांची पोरं शाळेत मार खात होती अशा बाया दाभणबाईचं घरचं शिक्षण बघायला येऊ लागल्या. ती त्यांना तक्ता दाखवायची, भोवऱ्याला ताव देऊन अपूर्णांक करून दाखवायला लावायची. थोरली चहा द्यायची. एकीनं विचारलं, आणि हिचं कसं चाललंय? दाभणबाई हसून म्हणाली, "हिची मला काळजीच नाही." थोरली हातात ट्रे घेऊन तिथेच उभी होती.

परीक्षा झाली. भोवरा दोनदा जागेवरून उठला, पण पर्यवेक्षक समंजस होते, त्यांनी त्याला खिडकीपाशी उभं राहून लिहू दिलं. निकालाच्या दिवशी दाभणबाई पदर खोचून कार्यालयात गेली. भोवऱ्यासाठी भांडायचे सगळे मुद्दे तिनं वाटेत घोकले होते. एकही लागला नाही. भोवरा पास झाला होता.

नापास थोरली झाली होती.

दाभणबाईचा आवाज पार बाहेरच्या जिन्यापर्यंत गेला. तुमचं तपासणं चुकलंय, माझ्या पोरीचे पेपर बदललेत, आत्ताच्या आत्ता दाखवा. तपासणीस बाई थकलेल्या होत्या. असे आवाज त्यांनी रोजच ऐकलेले असावेत. त्यांनी पेपर पुढे सरकवले.

अक्षर थोरलीचंच होतं, मोत्यासारखं. जे लिहिलं होतं ते सगळं बरोबर होतं. पण गणिताच्या पेपरात निम्म्या ठिकाणी आणि विज्ञानाच्या पेपरात त्याहून जास्त ठिकाणी उत्तराच्या जागी एकच वाक्य होतं, दर वेळी पूर्ण लिहिलेलं, कुठेही आळस न करता: 'हा धडा अनुक्रमणिकेत आहे, पण माझ्या पुस्तकात त्याची पानं कोरी आहेत.'

"मुलीनं अंदाजानं काही लिहिलं असतं तरी चार मार्क मिळाले असते," तपासणीस बाई म्हणाल्या. "पुस्तक कुणी दिलं होतं तिला?"

जिची जीभ आजवर कुणापुढे अडली नव्हती, ती समोरच्या खुर्चीत खाली बसली. मग म्हणाली, "मी. मीच शिवलं."

पालकानं अर्ज केला तर महिन्याभरानं फेरपरीक्षा देता येते, असं बाईंनी सांगितलं. दाभणबाई घरी गेली नाही. ती थेट छापखान्यात गेली, टेबलाखालच्या फळीवरचे ताव उपसले आणि तळाशी धूळ खात पडलेले ते ताव काढले. काकांनी मशीन थांबवलं. मग इतर फर्मे गोळा करून तिच्यासमोर ठेवले. तिनं त्या दिवशी जे पुस्तक बांधलं तसं तिच्या हातून कधी झालं नव्हतं. पाठीला कापड, कडा सरळ कापलेल्या, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सलग. पानांचे सगळे आकडे तिनं दोनदा तपासले.

घरी येऊन तिनं ते थोरलीसमोर ठेवलं. थोरली भोवऱ्याची पसरलेली वह्या-पुस्तकं उचलत होती.

"महिना आहे आपल्या हातात," दाभणबाई म्हणाली. "मी सुट्टी टाकते. तुझ्याशेजारी बसते. फक्त तुझ्या."

थोरलीनं पुस्तक हातात घेतलं, पाठीवरून बोट फिरवलं आणि परत ठेवलं. "नको. मी शाळेत जाते."

दाभणबाईनं समजावलं, मग ओरडली, मग पुन्हा समजावलं. ते सर तिथेच आहेत. तुझ्या मैत्रिणी आठवीत जातील, तू परत सातवीत बसशील, लोक हसतील.

"चालेल," थोरली म्हणाली. तिचा आवाज ना रागाचा होता ना रडका, आणि दाभणबाईला तेच सोसवेना. "तिथे पुस्तक पूर्ण देतात."

शाळा उघडली तेव्हा भोवऱ्यानं आपलं चित्रं काढून भरलेलं पुस्तक गुपचूप तिच्या दप्तरात घातलं. तिनं ते काढून त्याच्या जागेवर ठेवलं, त्याचे केस विस्कटले आणि निघाली. दाभणबाई फाटकापर्यंत सोबत गेली. मुख्याध्यापक दारातच उभे होते, तिला बघून हसले. तिनं मान खाली घातली. पोर त्याच कडीच्या खोलीसमोरून चालत आपल्या वर्गात गेली. वळून बघितलं नाही.

मैत्रीण आता वरच्या मजल्यावर असते. डबा खायला कधी खाली येते, कधी नाही. घरी आल्यावर थोरली शाळेतलं काही सांगत नाही. विचारलं तर बरं चाललंय म्हणते. वस्तीतल्या बाया अजूनही तक्ता बघायला येतात, दाभणबाईला धाडसाची म्हणतात. मग ती पाणी आणायचं निमित्त करून आत जाते. आत फळीवर ते कापडी पाठीचं पुस्तक आहे. नव्यानं कापलेल्या कडांची पानं अजून एकमेकांना चिकटलेली आहेत, कुणी सोडवलेली नाहीत.

तेव्हा एवढं करा. जिच्याबद्दल 'हिचं भागतं' असं तुम्ही चारचौघांत कौतुकानं सांगता, तिचं पुस्तक आज मागून घ्या. तिच्याशेजारी बसा, पहिल्या पानापासून एकेक पान उलटा, आणि कोरं पान लागलं तर 'उद्या' म्हणू नका.