नापासरावांनी पास केलेली चाकं

नापासराव हे नाव त्यांना कारखान्यात मिळालं आणि निवृत्तीनंतर त्यांच्या मागोमाग घरापर्यंत आलं. पंपांच्या त्या कारखान्यात ते एकतीस वर्षं तपासणी खात्यात होते. स्वच्छ टेबल, वर दिवा, हातात बारीक मापं घेणारं व्हर्निअर, आणि समोर दुसऱ्या कुणीतरी घाम गाळून बनवलेला भाग. तो उलटासुलटा करायचा, मोजायचा, नाक मुरडायचं आणि शिक्का मारायचा: नापास. स्वतः त्यांनी आयुष्यात एक खिळा ठोकला नव्हता. पण दुसऱ्याने ठोकलेला वाकडा आहे हे त्यांना दारातूनच दिसे, आणि ते सांगितल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे. निवृत्तीच्या दिवशी कामगारांनी हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या. नापासरावांना वाटलं, माणसं भारावली आहेत.

घरी आल्यावर शिक्का गेला, तोंड राहिलं. चहा पातळ, इस्त्री वाकडी, पडदा एका बाजूने दीड बोट खाली. बायको सुरुवातीला वाद घालायची. मग तिने एक साधा उपाय शोधला. ते बोलायला लागले की ती मिक्सर लावायची.

घराच्या मागे शेडमध्ये त्यांच्या वडिलांची गाडी होती. दोन माणसांची, उघड्या टपाची, बुटकी, लाल स्पोर्ट्स कार. बाबांनी ती तरणेपणी घेतली होती आणि पुढे संसार वाढला, दोनाचे पाच झाले, तरी विकली नव्हती. गेली वीस वर्षं ती बंद पडून होती. आता बाबा एक्क्याऐंशी वर्षांचे होते आणि त्यांचे डोळे अधू होत चालले होते. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, "या वाढदिवसाला लायसन्स संपतंय ना? पुढच्याला मी सही देणार नाही. तोवर दिवसाउजेडी, हळू, जवळच्या जवळ. त्यानंतर नाही."

वाढदिवसाला तीन महिने होते. बाबांनी त्रागा केला नाही. घरी येऊन एवढंच म्हणाले, "मला एकदा तळ्यापर्यंत जाऊन यायचंय. माझ्या गाडीतून, मी चालवत. मग किल्ली खुंटीला." लायसन्सशिवाय गाडी त्यांनी जन्मात एक दिवस चालवली नव्हती आणि आता म्हातारपणी चालवणार नव्हते. तेव्हा जे काय व्हायचं ते या तीन महिन्यांत.

एका जुन्या मेकॅनिकला हाताशी धरून बाबांनी महिन्याभरात इंजिन सुरू केलं. ब्रेक झाले, वायरिंग झालं. फाटलेल्या सीटा सुनेने, म्हणजे नापासरावांच्या बायकोने, घरच्या मशीनवर शिवून दिल्या. राहिली फक्त चाकं. जुन्या रिमा गंजून अशा झाल्या होत्या की दाबलं तर बोट आरपार जाई. म्हणून गाडी चार लाकडी ठोकळ्यांवर चढवून ठेवली.

"चाकांचं माझ्यावर सोडा," नापासराव म्हणाले. "त्यात तुम्हाला कुणाला काही कळत नाही."

आणि बाबा, बिचारे, हो म्हणाले. घोडं पेंड खायला लागलं ते तिथेच.

टायरवाल्याचं दुकान चार गल्ल्या पलीकडे. त्याने पहिल्याच दिवशी साध्या लोखंडी रिमांचा एक संच काढून दाखवला. "मापाला मापच आहे, साहेब. बोल्टची भोकं जुळतात. जुन्यासारखे अरुंद टायर चढवतो, संध्याकाळी गाडी रस्त्यावर."

नापासरावांनी व्हर्निअर काढलं. मधलं भोक अर्ध्या मिलिमीटरने मोठं निघालं. त्यांचा चेहरा असा उजळला की टायरवाल्याला वाटलं सौदा झाला.

"नापास," नापासराव म्हणाले.

मग तारांची चाकं आली. प्रत्येक चाकाला अठ्ठेचाळीस तारा. नापासराव स्टुलावर बसून पेन्सिलीने एकेक तार वाजवत होते आणि कान लावून ऐकत होते. तिसऱ्या चाकातल्या एका तारेचा आवाज त्यांना मंद वाटला. चाकं परत. मग मिश्रधातूची चकचकीत अलॉय चाकं आली. त्यांच्या पाच पाकळ्यांपैकी एक पाकळी त्यांना जाड दिसली. तीही परत.

टायरची तऱ्हा तर विचारूच नका. टायरच्या कडेला चार आकडे असतात. कोणत्या वर्षी, कितव्या आठवड्यात बनला ते त्यावरून कळतं. जुना टायर कडक होतो, म्हणून शहाणा माणूस ते वर्ष बघून घेतो आणि पुढे जातो. नापासराव आठवड्यावर अडून बसले. तीन टायर एका आठवड्याचे आणि चौथा पुढच्या आठवड्याचा निघाला, तर चारही नापास.

"साहेब, टायर आहेत की जुळी पोरं?" टायरवाला वैतागून म्हणाला. "चौघांचा वाढदिवस एकत्र करायचाय का?"

"गुणवत्ता म्हणजे काय हे तुम्हाला कळायचं नाही," नापासराव म्हणाले आणि तरातरा घरी आले.

घरी बाबा ओट्यावर बसून वाट बघत असायचे. रोज एकच प्रश्न. "झालं का रे?"

"घाई करून चालत नाही, बाबा."

"मी कुठे घाई करतोय? डोळे करतायत."

असे जवळजवळ दोन महिने गेले. एकदा बायको मिक्सर बंद करून म्हणाली, "अहो, चाक गोल आहे ना? फिरतं ना? मग बसवा की! आपल्याला काय त्याची पूजा करायचीये?" त्यावर नापासरावांनी तिला ताण, भार आणि रबराची जात या विषयांवर अर्धा तास ऐकवलं. तिने ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "आणि बाबांचं काय?" त्याचं माप त्यांच्याकडे नव्हतं.

वाढदिवसाला पाच दिवस उरले असताना, काय चमत्कार झाला कोण जाणे, नापासरावांनी चाकं पास केली. रुंद, खोल, चंदेरी अलॉय, आणि त्यावर भरदार टायर, चारही एकाच आठवड्याचे. टायरवाला म्हणाला, "साहेब, फार रुंद आहेत हो. एकदा बसवून, खाली उतरवून, स्टीअरिंग फिरवून बघा." नापासराव हसले. एकतीस वर्षांत त्यांनी कुठलाही भाग मशीनवर बसवून बघितला नव्हता. भाग टेबलावर येतो, टेबलावर मोजला जातो, संपलं. पुढचं बघायला बाकीची माणसं असतात.

गाडी ठोकळ्यांवर असतानाच त्यांनी चाकं लावून घेतली. चहूकडून मापं घेतली, वहीत लिहिली. सगळी बरोबर. बाबा म्हणाले, "अरे, खाली तरी उतरव. अंगणात एक चक्कर मारतो." नापासराव म्हणाले, "आत्तापासून मळवायचीत कशाला? त्या दिवशीच उतरवू." आणि चाकांवर जुनी चादर टाकली.

तो दिवस उजाडला. लायसन्सचा शेवटचा दिवस. बाबांनी सकाळीच दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, चष्मा तीनदा पुसला. सून पर्स घेऊन शेजारच्या सीटवर बसली, कारण तळ्यापर्यंत तिला सोबत न्यायचं बाबांनी कबूल केलं होतं. मेकॅनिकने ठोकळे काढले. गाडी जमिनीवर टेकली, थोडी बसली, आणि खरं सांगायचं तर झकास दिसली. बाबांनी किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या फटक्यात लागलं. शेडपासून फाटकापर्यंतची सरळ वाट गाडीने ऐटीत पार केली. समोर शेजाऱ्याची भिंत, रस्ता डावीकडे. बाबांनी स्टीअरिंग वळवलं.

कर्रर्र. पुढचा टायर मडगार्डच्या आत जाऊन रुतला. उजवीकडे वळवून बघितलं. कर्रर्र. मेकॅनिक खाली वाकला, उठला आणि नापासरावांकडे न बघता म्हणाला, "सरळ जाईल. वळणार नाही."

नापासरावांनी टायरवाल्याला फोन लावला. "ती पहिली... लोखंडी चाकं..."

"ती होय? परवाच गेली, साहेब. बेकरीच्या व्हॅनला लावली. मस्त पळतेय! दुसरा संच मागवतो, चार दिवसांत येईल."

चार दिवसांत. नापासरावांनी फोन खिशात ठेवला. वही उघडून आकडे परत वाचले. आकडे अजूनही बरोबरच होते. मग ते ओट्यावर बाबांच्या जागी बसले.

बाबा गाडीतून उतरले नाहीत. सूनही उतरली नाही. मग बाबांनी रिव्हर्स टाकला, मान वळवून, डोळे बारीक करून, गाडी सावकाश शेडपर्यंत मागे घेतली. पहिला गिअर. फाटकापर्यंत पुढे. पुन्हा मागे. पुन्हा पुढे. चाळीस पावलांची वाट. एकदा तर त्यांनी फाटकापाशी हॉर्नही दिला, वळणावर देतात तसा. सुनेने केस सावरले, जणू वारा लागत होता. शेजारीपाजारी कुंपणाशी जमले होते, पण कुणी हसलं नाही. नापासरावांना वाटलं, हसले असते तर बरं झालं असतं.

उजेड कमी व्हायला लागला तेव्हा बाबांनी गाडी शेडमध्ये लावली, इंजिन बंद केलं आणि हळूहळू चालत ओट्यापाशी आले. नापासराव उठून उभे राहिले. बाबांनी आता आरडाओरडा करावा, चारचौघांत आपल्याला फैलावर घ्यावं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. ओरडण्याला उत्तर देता येतं. मापं तोंडपाठ होती.

बाबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"चाकं दिसायला मात्र छान आहेत हो," बाबा म्हणाले आणि चप्पल काढून आत गेले.