पाय जागेवर

बास्केटबॉलच्या पंचाला सगळ्यात जास्त शिव्या कशावरून खाव्या लागत असतील, तर धडकेवरून. एक मुलगी बॉल घेऊन धावत येते, दुसरी तिला आडवी उभी राहते आणि दोघी आदळतात. आडवी असलेली आधीच पाय रोवून उभी असेल आणि तिनं धडक छातीवर घेतली असेल, तर फाऊल धावणारीचा. ती ऐन वेळी सरकून मध्ये आली असेल, तर फाऊल तिचा. निकाल डोळ्याचं पातं लवायच्या आत द्यायचा, आणि कसाही दिला तरी अर्धं मैदान अंगावर येतं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे कोल्हापूरच्या मैदानांवर मी वीस वर्षं बघत आले आहे.

ज्या सरांनी माझ्या हातात शिट्टी दिली, त्यांचं एकच सांगणं होतं. "बॉलकडं बघू नकोस, तोंडाकडं तर अजिबात नको. पाय बघ आणि छाती बघ." ते मी व्रतासारखं पाळलं. या निकालात माझा हात धरणारं जिल्ह्यात कुणी नाही, असं लोक म्हणायचे आणि ते ऐकून मी फुगायचे. आज त्या फुगण्याची लाज वाटते.

ऑक्टोबर होता. शाळांच्या स्पर्धेतला उपांत्य सामना, दुपारभर तापलेलं सिमेंटचं कोर्ट. कोल्हापूरच्या शाळेत एक धिप्पाड, दणादण पळणारी मुलगी होती. सगळा खेळ तिच्यावरच चाललेला. समोर आजऱ्याची शाळा, आणि त्यांच्यात सात नंबरची एक किरकोळ पोर. तिला बास्केट फारशी जमत नव्हती, पण उभं राहणं जमत होतं. धिप्पाड मुलीचे दोन फाऊल आधीच झाले होते. पाच झाले की खेळाडू बाहेर. आजऱ्याच्या सरांचा हिशेब मला लगेच कळला: सात नंबरला तिच्या वाटेत उभी करायची आणि तिचे पाच भरवायचे.

पहिली धडक तिनं हात छातीशी घेऊन झेलली आणि ती उताणी पडली. डोकं सिमेंटवर आपटलं. तो आवाज ऐकल्यापासून घरात नारळ फोडायचं काम मी करत नाही. पण तेव्हा मी तिचे पाय बघितले होते आणि ते जागेवर होते. शिट्टी मारून मी तळहातावर मूठ आपटली. धावणारीचा फाऊल.

"अवो मॅडम, डोळं घरी इसरून आलाय काय?" कोल्हापूरकडून ओरडा झाला.

"हुबी हाय की पोरगी जाग्यावर!" आजऱ्याकडून उत्तर.

पोर उठली. दहा मिनिटांनी दुसरी धडक, तसंच पडणं, तसाच आवाज. या वेळी ती लगेच उठली नाही. बाकावरची एक मैत्रीण पाण्याची बाटली घेऊन कडेच्या रेषेपर्यंत आली, तर आजऱ्याच्या सरांनी हात आडवा घालून तिला थांबवलं. कारण मला ठाऊक होतं. बाहेरच्या कुणी कोर्टात येऊन पडलेल्या खेळाडूला हात लावला, तर तिला बदलावं लागतं, आणि तिला बदललं की उभं राहायला दुसरं कोण होतं? सामना थांबवायचा अधिकार माझा होता. मी तो वापरला नाही. ती हळूहळू उठली आणि स्वतःच्याच बास्केटकडं तोंड करून उभी राहिली. कोर्टातल्या तिच्याच संघाच्या एका मुलीनं दंडाला धरून तिला वळवलं तेव्हा लोक हसले. मीही हसले.

आता धिप्पाड मुलीचे चार फाऊल झाले होते. शेवटची दोन मिनिटं उरली. पुढं काय होणार हे सगळ्यांना दिसत होतं. मलाही दिसत होतं, पण शिट्टी तोंडातच राहिली. बॉल सुटला. धिप्पाड मुलगी सरळ आली. सात नंबर बास्केटखाली उभी होती, पाय जमिनीत पुरल्यासारखे. इतके स्थिर पाय मी उभ्या जन्मात बघितले नव्हते. धडक बसली. मी तळहातावर मूठ आपटली. पाचवा फाऊल, धिप्पाड मुलगी बाहेर. या वेळी कोल्हापूरवाल्यांनीसुद्धा हुज्जत घातली नाही, निकाल इतका बरोबर होता.

हात खाली आणताना मला उमगलं की तिनं या वेळी हात छातीशी घेतलेच नव्हते. ते नुसते लोंबत होते. ती आडवी उभी नव्हती, नुसती उभी होती. समोरून कोण येतंय हे तिला कळलंच नव्हतं, म्हणून पाय हलले नाहीत. ती पडलेली होती, आणि सामन्यात पहिल्यांदाच मी तिच्या तोंडाकडं बघितलं. डोळे उघडे होते, पण ते कुणाकडंच बघत नव्हते.

दवाखान्यात ती बरेच दिवस होती. दिवाळी झाल्यावर मी एसटीनं आजऱ्याला गेले. तिची आई काजूच्या कारखान्यात जाते. काजूच्या टरफलांच्या चिकानं काळवंडलेल्या बोटांनी तिनं मला पाणी दिलं. मला वाटलं होतं, ही आता मला फाडून खाणार. मला ते हवंही होतं. पण ती म्हणाली, "बसा बाई. लई लांबनं आलासा."

पोर आतून आली. उजेड सोसत नाही म्हणून दार अर्धं लोटलेलं. मला ओळखून तिला केवढा आनंद झाला! तिनं विचारलं, "मॅडम, माझं पाय जाग्यावर हुतं न्हवं?"

"होते," मी म्हणाले. "अगदी जागेवर."

ती खूश होऊन आईकडं बघायला लागली. आईनं चहा आणला. एसटीचं, शाळेचं काहीबाही बोलणं झालं. बशीतला चहा अजून गरम होता, तेवढ्यात पोर माझ्याकडं वळली. चेहऱ्यावर तोच आनंद.

"मॅडम, माझं पाय जाग्यावर हुतं न्हवं?"

मी आईकडं बघितलं. "दिसातनं धा येळा इचारती," ती खाली बघत म्हणाली. "आमाला काय कळतंय त्यातलं? तुमीच सांगा की."

मी पुन्हा सांगितलं, होते. संध्याकाळच्या एसटीपर्यंत मी ते आणखी चार वेळा सांगितलं.