धावफलकात नसलेला गोलंदाज

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मला विचार करावा लागत नाही. आमच्या शाळेतल्या गणिताच्या सरांचे. माझे वडील जिनिंग मिलमध्ये हमाली करायचे आणि दहावीनंतर मीही तिथेच जाणार, हे घरात ठरलेलं होतं. सर घरी आले, वडिलांच्या शेजारी पोत्यावर बसले आणि म्हणाले, "भाऊ, पोरगं शिकू द्या. नाहीच जमलं तर मिल कुठं पळून जाते?" आज मी कॅनडात, हॅमिल्टनमध्ये इंजिनियर आहे, तो त्या संध्याकाळमुळे.

शाळेची क्रिकेटची टीमही सरच सांभाळायचे. मला खेळता येत नव्हतं, म्हणून त्यांनी मला स्कोअर लिहायला बसवलं. कोणी झेलबाद झालं की मी घाईत झेल घेणाऱ्याचं नाव लिहून मोकळा व्हायचो. मागून टपली बसायची. "आणि चेंडू काय आभाळातून पडला? गोलंदाज लिही."

ती आवड अजून सुटलेली नाही. हिवाळ्यात इथलं मैदान बर्फाखाली जातं, तेव्हा आमच्या क्लबातले आम्ही काही जण इंग्लंडमधल्या फार जुन्या सामन्यांचे धावफलक कॉम्प्युटरवर उतरवतो. यंदा माझ्या वाट्याला अठराव्या शतकाच्या अखेरचा एक खेळाडू आला. त्याचं फक्त आडनाव ठाऊक आहे. काही वर्षं मोठ्या सामन्यांत खेळला, फलंदाजीला अगदी शेवटी यायचा आणि बहुतेकदा भोपळा घेऊन परतायचा. नावावर बळीही थोडेच. तरी दर उन्हाळ्यात त्याला बोलावणं असायचंच. हे कसं, ते मला कळेना. मग लक्षात आलं की त्या काळी त्रिफळा उडाला तरच गोलंदाजाचं नाव लिहीत. झेलबाद झाला तर फक्त झेल घेणाऱ्याचं. चेंडू कोणी टाकला, याची नोंदच नाही. या माणसाने किती जणांना बाद केलं, ते आता कधीच कळणार नाही. तेव्हापासून मला चैन पडेना.

त्याच आठवड्यात शाळेच्या स्मरणिकेचं काम बघणाऱ्या वर्गमित्राने आजवरच्या शिक्षकांची यादी पाठवली. मी ती खालपासून वरपर्यंत पुन्हा वाचली आणि फोन लावला.

"अरे, सर राहिले."

"राहिले नाहीत भावा, बसतच नाहीत. यादी मस्टरवरून केलीय. सर शेवटपर्यंत तासिका तत्त्वावर होते. तासावर शिकवणारा मस्टरवर कुठून येणार?"

"तुला गणित मस्टरने शिकवलं का?"

"कॅनडातून बोलायला तुझं काय जातं! इथं संस्थेच्या अध्यक्षांना तोंड मला द्यायचंय."

मी त्याला कळवलं, सर नसतील तर माझा फोटोही नको आणि 'यशस्वी माजी विद्यार्थी' म्हणून माझा लेखही नको. उत्तर येईना. मी बेसमेंटमधून किचनमध्ये आणि किचनमधून पुन्हा बेसमेंटमध्ये फिरत राहिलो. शनिवारी सकाळी ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल केला आणि थोड्या वेळाने परत फावडं घेऊन बाहेर पडलो.

"बाबा, यू ऑलरेडी डिड दॅट," मुलगी दारातून म्हणाली.

"करू दे गं," बायको आतून ओरडली. "अहो, शेजाऱ्यांचाही करून टाका, तेवढंच पुण्य!"

फावडं हातात असतानाच फोन वाजला.

"जिंकलास बाबा. अध्यक्ष हो म्हणाले. परवा प्रेसला जातंय. सरांचं पूर्ण नाव सांग."

मी फावडं बर्फात खोचलं आणि आठवायला लागलो. आडनाव आणि पुढे सर, एवढंच आम्ही म्हणत आलो. माझ्या फोनमध्ये तर नुसतंच 'सर' आहे.

"तुला माहीत नाही?" मी विचारलं.

"नाही ना. ग्रुपवरही विचारलं. कोणालाच नाही. आडनावच छापू का?"

"नको," मी जवळजवळ ओरडलो. खाली बेसमेंटमध्ये स्क्रीनवर तो इंग्लंडचा गोलंदाज तसाच होता, आडनाव आणि त्याच्यापुढे रिकामी जागा.

"मग मी जाऊन विचारतो," तो म्हणाला. सरांना आताशा फोनवर ऐकू येत नाही. पण विचारायचं ते मीच विचारायला हवं होतं. मी पत्र लिहिलं, त्याचा फोटो मित्राला पाठवला आणि छापून सरांच्या हातात द्यायला सांगितलं.

आदरणीय सर,

साष्टांग नमस्कार. शाळेच्या स्मरणिकेत शिक्षकांच्या यादीत तुमचं नाव येणार आहे. तुम्ही "राहू दे रे" म्हणाल. पण गोलंदाज लिहायला तुम्हीच शिकवलंत. इतकी वर्षं तुम्हाला सर म्हणत आलो आणि तुमचं नाव कधी विचारलंच नाही, याची आज लाज वाटते. तुमचं आणि तुमच्या वडिलांचं नाव, छापून यावं असं तुम्हाला वाटेल तसं, कागदावर लिहून द्या. पत्र आणणारा तुमचाच विद्यार्थी आहे. त्याला आधी नाव द्या, चहा नंतर.

तुमचा स्कोअरर