शाईमामा आणि विसरलेला भाऊ

मामा चित्रशाळेत काळं भरायचे. म्हणजे चित्रशाळा चालवणाऱ्या बाई मंगाचं, जपानी धर्तीच्या चित्रकथेचं, पान काढायच्या आणि जिथे गच्च काळं हवं तिथे पेन्सिलीने बारीक फुली मारायच्या. त्या फुलीवर ब्रशने शाई भरायची, हे मामांचं काम. बोटं कायम काळी, म्हणून सगळे त्यांना शाईमामा म्हणायचे.

सुरुवातीला बाईंची गोष्ट हलकीफुलकी होती. जादू शिकणारी मुलगी, तिचा धाकटा भाऊ, उडत्या छत्र्या. काळं काय ते वेण्यांना आणि बुटांना. मग मुलीला कळलं की प्रत्येक मंत्र कुणाचं तरी काहीतरी हिरावून घेतो. तेव्हापासून शाईच्या बाटल्या भराभर संपू लागल्या.

त्या दुपारी छापखान्याचा माणूस पानं न्यायला येऊन बसला होता. शेवटचं पान मामांपुढे होतं. गोष्टीतल्या गावात शिरलेला पूर थांबवायचा तर मुलीने सगळ्यात जिवलग माणसाची आठवण द्यायची. तिने भावाची दिली. शेवटच्या चौकटीत भावाचा चेहरा, आणि त्यावर फुली.

मामांनी ब्रश बुडवला आणि तसाच धरून ठेवला. घरी त्यांची थोरली बहीण होती. हल्ली ती त्यांना गॅस दुरुस्त करणारा समजायची. चित्रशाळेत मात्र त्यांनी याबद्दल कधी अवाक्षर काढलं नव्हतं.

"झालं का, मामा?" बाईंनी विचारलं.

"नाही भरणार मी."

छापखान्याच्या माणसाने मोबाईलमधून डोकं वर काढलं.

"गोष्ट माझी आहे, मामा."

"तुमचीच आहे. पण तुम्ही नुसतं मुलीचं रडणं काढलंत. ती विसरून मोकळी झाली. ज्याला विसरली, तो पोरगा दुसऱ्या दिवशी काय करतो?"

"लहान मुलं वाचतात हे. त्यांना झेपेल?"

"तोंडाला काळं फासलेलं झेपतं, मग हे का नाही?"

बाईंनी ब्रश हिसकावून घेतला. त्यांचं मनगट अधू होतं. ब्रश कलला आणि शाईचा थेंब टेबलावर पडला, पानापासून जेमतेम बोटभर लांब.

"काय करतो तो?" ब्रश खाली ठेवत बाईंनी विचारलं.

"ओळख करून देतो. चहा टाकतो. ती म्हणते, दुरुस्ती झाली असेल तर निघा आता. मग त्याचं टाळकं सरकतं. मग तो पुन्हा ओळख करून देतो."

बाईंनी मामांकडे पाहिलं. मग नव्या पानाला जागा व्हावी म्हणून त्यांनी त्याच अंकातल्या लढाईचं एक पान गठ्ठ्यातून काढून फाडलं. छापखान्याचा माणूस ताडकन उठला, आरडाओरडा करून हात हलवत परत गेला. नव्या पानावर भाऊ उंबऱ्याबाहेर उभा राहून स्वतःचं नाव सांगत होता.

"पण चेहऱ्यावरची ती फुली राहणार," बाई म्हणाल्या. "किंमत न देता मिळाली तर ती कसली जादू?"

मामांनी तो चेहरा भरला, अगदी कडेपर्यंत.

अंक उशिरा निघाला. प्रकाशकाने बाईंची खरडपट्टी काढली. काही आईबापांनी अंक घेणं बंद केलं. बाईंनी मामांना एवढंच बजावलं, की पुढच्या वेळी छापखान्याचा माणूस यायच्या आत बोला.

मामांनी अंक घरी नेला. बहिणीने पानं चाळली, उंबऱ्याबाहेरच्या भावाच्या चित्राशी थांबली.

"कोण हा?"

"भाऊ आहे कुणाचा तरी."

"मग बाहेर काय उभं केलंय त्याला?" ती वैतागून म्हणाली आणि तिने पान उलटलं.