चार नंबरच्या लिफ्टचा तक्ता

कंपनीत तिला सगळे तक्तेताई म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते तिला ठाऊक नव्हतं. असतं तर तिने त्याला गाठून चार शब्द सुनावले असते. बावीस वर्षांपूर्वी ती इथे लागली तेव्हा काम साधं होतं, तक्रारीचे फोन घेणं. कंपनी लिफ्टच्या देखभालीची. कुठे लिफ्ट अडकली, कुठे दार लागेना, कुठे आतला दिवा गेला, की फोन खणखणायचा. ती वहीत लिहून घ्यायची आणि मिस्त्रीला तिकडे पिटाळायची. पुढे वही गेली आणि कॉम्प्युटरवरची शीट आली. त्या शीटला हात लावायला कुणी धजेना, म्हणून तिने लावला. चुकतमाकत शिकली, आणि मग व्हायचं तेच झालं. ज्याला येतं त्याच्याच गळ्यात पडतं.

आता दर महिन्याला सात मिस्त्र्यांच्या सात शीट तिच्याकडे यायच्या. त्या एकत्र करायच्या, निवडायच्या, त्यांचे तक्ते आणि चार्ट काढायचे, अहवालात बसवायचे आणि ज्या त्या ग्राहकाला पाठवायचे. ऐकायला दोन दिवसांचं काम. लागायचे आठ.

कारण सात मिस्त्री म्हणजे सात तऱ्हा. एक जण तारीख आधी लिहायचा, दुसरा महिना आधी, तिसरा नुसतं ‘काल’ लिहून मोकळा व्हायचा. एकदा तिने त्याला फोन केला.

“काल म्हणजे कधी?”

“अहो ताई, ज्या दिवशी लिहिलं त्याच्या आदल्या दिवशी.”

“आणि लिहिलं कधी?”

“ते आता कसं आठवणार?”

तिने फोन ठेवला आणि पाच मिनिटं समोरच्या भिंतीकडे बघत बसली.

या सगळ्यांवर कडी करायचे ते थोरले मिस्त्री. कंपनीतले सर्वांत जुने, हाताला गुण असलेले. नुसत्या आवाजावरून मोटरचं दुखणं ओळखायचे. पण लिहिण्याच्या नावाने बोंब. एका मोठ्या हॉस्पिटलच्या अकरा लिफ्ट त्यांच्याकडे होत्या. त्यातली चौथी लिफ्ट त्यांच्या शीटमध्ये सहा अवतारांत प्रकट व्हायची. कुठे आकड्यात, कुठे अक्षरात, कुठे ‘नं. चार’, कुठे ‘चौथी’, कुठे ‘कोपऱ्यातली’ आणि एके ठिकाणी नुसतंच ‘तीच’. कॉम्प्युटर बिचारा काय करणार? त्याच्या लेखी या सहा वेगवेगळ्या लिफ्ट. चार्ट काढला की अकरा लिफ्टच्या हॉस्पिटलात सोळा खांब उभे राहायचे.

मॅनेजरची तऱ्हा आणखी न्यारी. तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान, सदा घाईत, फोन कायम कानाला. त्याचा जीव एकाच गोष्टीवर, गोल चार्टवर. आकडे कसलेही असोत, त्याला पाय चार्टच हवा. तोही फुगीर, खाली सावली पडणारा, दहा रंगांचा.

“साहेब, महिन्यामागून महिना काय बदललं ते गोलात दिसत नाही,” ती सांगायची. “त्याला साधे खांब लागतात, नाहीतर रेघ.”

“ताई, लोकांना गोल आवडतो.”

“नाव पाय, पण त्याला ना पाय ना डोकं,” असं पुटपुटत ती गोल काढून द्यायची.

बरं, चार्ट काढला तरी सुटका नाही. तो पाठवण्याचा तमाशा वेगळाच. चित्र पाठवलं तर ग्राहक म्हणणार, आकडे वाचता येत नाहीत. फाईल पाठवली तर उघडत नाही. लिंक पाठवली तर ती परवानगी मागते. एका इमारतीच्या सेक्रेटरीने तर कमाल केली. चार्ट कागदावर छापला, त्याचा मोबाइलवर तिरका फोटो काढला आणि तिलाच परत पाठवून खाली लिहिलं, ‘जरा सरळ करून पाठवा.’

घरी येऊन हे कुणाला सांगावं? नवरा दातांच्या कवळ्या बनवायचा. दिवसभर प्लास्टरच्या पांढऱ्या धुळीत मान घालून बसलेला माणूस, बोलायचा मोजकं. “हूं” आणि “असतात असे लोक” ही त्याची दोन उत्तरं, आलटून पालटून. सासूबाईंना मात्र सगळं ऐकायची हौस.

“म्हणजे लिफ्ट तू दुरुस्त करतेस का?” त्यांनी एकदा विचारलं.

“नाही हो आई. ती किती वेळा बिघडली ते मी मोजते.”

“मग मोजून बरी होते होय?”

यावर नवऱ्याला ठसका लागला, आणि तिने ताट उचलून घेतलं.

त्या वर्षी हॉस्पिटलचा करार संपत आला. नवा करार करायचा की दुसरी कंपनी बघायची हे तिथल्या व्यवस्थापक बाई ठरवणार होत्या, आणि त्याआधी त्यांना तीन महिन्यांचा अहवाल हवा होता. तक्तेताई चार दिवस थोरल्या मिस्त्र्यांच्या शीटला भिडली. सहा अवतार एका ओळीत आणले. ‘दार खेटलं’, ‘दा. अडकलं’, ‘दार, परत’, ‘तेच’ असे शेऱ्याच्या रकान्यातले बोबडे बोल एका भाषेत आणले. आणि मग जे समोर आलं ते बघून ती चष्मा पुसायला लागली. तीन महिन्यांत एक्केचाळीस तक्रारी, त्यातल्या तेवीस एकट्या चार नंबरच्या लिफ्टच्या. आधीच्या तीन महिन्यांत त्याच लिफ्टच्या होत्या नऊ. बाकीच्या दहा लिफ्ट इतक्या गुणी वागल्या होत्या की एकूण आकडा उलट कमी झाला होता.

तिने तासांप्रमाणे चार्ट काढला. सगळीकडे बारीकसारीक खांब, आणि दुपारी दोन ते तीनवर एकच ताडमाड. तेवीसपैकी एकोणीस.

तिने थोरल्या मिस्त्र्यांना फोन लावला. “दुपारी दोनलाच दार का अडकतं?”

“दार घड्याळ बघत नाही, ताई.”

“माझ्या चार्टमध्ये तरी बघतंय.”

“मग या इकडे, आणि तुम्हीच विचारा त्याला.”

मिस्त्री गमतीने म्हणाले. पण ती इतकी वैतागलेली होती की पर्स उचलली आणि खरोखरच गेली.

चार नंबरची लिफ्ट लांब बोळाच्या टोकाला होती. दोघं समोरच्या बाकावर बसली. दोन वाजून पाच मिनिटांनी बोळाच्या दुसऱ्या टोकाकडून खडखडाट आला. धुतलेल्या चादरींच्या तीन लोखंडी ट्रॉल्या, माणसाच्या डोक्याहून उंच. मागून ढकलणाऱ्याला पुढचं दिसायची सोय नाही. पहिली आत शिरताना तिचा कोपरा दाराच्या कडेवर आपटला. दुसरीचाही. तिसरी आपटली ती अशी की दार खालच्या खाचेतून सुटलं आणि तिरकं होऊन तिथेच उभं राहिलं. ट्रॉल्या कशाबशा बाहेर ओढल्या गेल्या आणि बोळातून मागे फिरून लांबच्या दुसऱ्या लिफ्टकडे निघून गेल्या.

तेवढ्यात एक नर्स चाकाच्या खुर्चीवरच्या म्हाताऱ्या गृहस्थांना घेऊन आली आणि दार बघून थबकली. “झालं. पुन्हा लांबून फिरून जा.”

“पहिल्या मजल्यावर तर जायचंय,” म्हातारे करवादले. “एव्हाना मी रांगत पोचलो असतो.”

मिस्त्र्यांनी तिरक्या दाराला हात लावून पाहिला. मग म्हणाले, “मला बोलावणं येतं तोवर ट्रॉल्या निघून गेलेल्या असतात. मी दार सरळ करतो आणि जातो.”

“तेवीस वेळा?”

“तेवीस?” त्यांनी तिच्याकडे पाहिलं. “एवढ्या वेळा झालं?”

तेवीसच्या तेवीस नोंदी त्यांच्याच हातच्या होत्या. पण सगळ्या एका जागी त्यांनी कधी बघितल्याच नव्हत्या. त्यांचा तो चेहरा बघून तिचा अर्धा राग उतरला.

उरलेला अर्धा मॅनेजरसाठी कामी आला. तिने दोन साधे चार्ट काढले, एक लिफ्टवार, एक तासवार, आणि खाली एक ओळ लिहिली, की दार कपड्यांच्या ट्रॉल्यांमुळे सुटतं, ट्रॉल्या सामानाच्या लिफ्टने न्याव्यात आणि दाराच्या कडेला जाड पट्टी लावावी.

मॅनेजरने ते वाचून कपाळाला हात लावला. “एका लिफ्टच्या तेवीस तक्रारी? करार नवा करायच्या बैठकीत हे दाखवू?”

“आहे ते आहे, साहेब.”

“एकूण कमी झाल्यात ना? अठ्ठेचाळीसच्या एक्केचाळीस. तेवढंच दाखवा. गोल.”

“कमी झालं हे गोलात कसं दाख—”

“ताई. गोल.”

त्यानंतर सात फोन. निळा जरा गडद करा. कंपनीचं चिन्ह मोठं करा. एवढं मोठं नको. सावली कुठे गेली? निळा आधीचाच बरा होता. सहावा फोन चुकून लागला होता. सातवा असा, “आणि चित्र पाठवू नका. लिंक द्या, आणि ती सगळ्यांना उघडली पाहिजे. मागच्या वेळी परवानगी मागत बसली, चारचौघांत माझी शोभा झाली.”

तिने सगळ्यांना उघडेल अशी लिंक दिली. तिचे दोन चार्ट त्याच फाईलमध्ये मागच्या पानांवर राहून गेले. ते तिने मुद्दाम ठेवले असं पुढे सगळे म्हणत. खरं म्हणजे सातव्या फोनानंतर तिच्या डोक्याचा पार भुगा झाला होता, आणि ती विसरली. मुद्दाम केलं असतं तर निदान अभिमान तरी वाटला असता.

बैठकीला मॅनेजरने तिला लॅपटॉप सांभाळायला नेलं. पडद्यावर गोल झळकला, फुगीर, निळा. मॅनेजर बोलत होता. व्यवस्थापक बाईंनी मात्र लिंक स्वतःच्या टॅबवर उघडली होती आणि त्या बोटाने काहीतरी सरकवत होत्या.

“मागे आणखी दोन पानं आहेत,” त्या म्हणाल्या. “चार नंबर... तेवीस?”

मॅनेजरचं वाक्य हवेतच राहिलं. “ते, मॅडम, ते कच्चं काम आहे.”

बावीस वर्षांत तक्तेताई बैठकीत कधी बोलली नव्हती. पण चार दिवस डोळे फोडून केलेल्या कामाला कच्चं म्हटलेलं तिला सोसवलं नाही.

“कच्चं नाही,” ती म्हणाली. “ते पक्कं आहे. कच्चं पहिलं पान आहे.”

बाईंनी तासवार चार्टचं पान उघडलं.

“दुपारी दोनला काय होतं?” बाईंनी विचारलं.

तिने सांगितलं. ट्रॉल्यांची उंची, आपटणारा कोपरा, खाचेतून सुटणारं दार, सगळं.

“तुम्हाला कसं कळलं?”

“जाऊन बघितलं. बाकावर बसले होते.”

बाईंनी टॅब खाली ठेवला. “नव्या ट्रॉल्या आम्ही तीन महिन्यांपूर्वीच घेतल्या,” त्या सावकाश म्हणाल्या. “आणि तेव्हापासून मी तुमच्या कंपनीला पत्रं लिहितेय, की लिफ्ट बदला.”

परतताना गाडीत मॅनेजरने आधी दोन फोन उरकले. मग म्हणाला, “पूर्ण फाईल कशाला दिलीत?”

“लिंक तुम्ही मागितलीत.”

“मागची पानं लपवता येत नाहीत?”

“येतात.”

“मग?”

“सात फोन केलेत, साहेब. तेवढं एक सांगायचं राहिलं तुमचं.”

ट्रॉल्या सामानाच्या लिफ्टने जाऊ लागल्या, दाराला पट्टी बसली, आणि पुढच्या तीन महिन्यांत चार नंबरच्या तक्रारी आल्या दोन. करार नवा झाला. मॅनेजरने वरच्या साहेबांना सांगितलं, की हे आपल्या आकडेवारीच्या पद्धतीचं यश आहे. ती शेजारच्याच टेबलावर होती. तिने पेनाचं टोपण इतकं चावलं की ते फुटलं.

यशाचं बक्षीस म्हणजे आणखी काम. बाकीच्या ग्राहकांनाही आता तासवार चार्ट हवे झाले. तेव्हा मात्र ती मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन उभीच राहिली. तिच्या दोन अटी होत्या. मिस्त्र्यांनी मनाने काही लिहायचंच नाही. मोबाइलवरच्या ठरलेल्या यादीतून लिफ्ट आणि बिघाड निवडायचा. आणि प्रत्येक चार्टखाली तिची एक ओळ जाणार, तिला कुणी हात लावायचा नाही. पहिली अट त्याने लगेच मान्य केली. दुसरीला दोन दिवस घेतले.

यादी सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात सहा मिस्त्र्यांच्या नोंदी काचेसारख्या स्वच्छ आल्या. थोरल्या मिस्त्र्यांच्या सगळ्याच्या सगळ्या नोंदींत बिघाड एकच होता: ‘इतर’.

ती तणतणत मिस्त्र्यांच्या खोलीत गेली. स्टूल ओढलं आणि त्यांच्यासमोर बसली. “दार इतर, दिवा इतर, मोटर इतर. मिस्त्री, माझ्याशी वैर आहे का तुमचं?”

मिस्त्र्यांनी फोन हातभर लांब धरला, मग नाकाशी आणला, मग पुन्हा लांब नेला. “यातलं शेवटचं तेवढं बोटाला सापडतं मला. वरचं सगळं मुंग्यांसारखं दिसतं.”

मग तिने फोन काढून घेतला, अक्षरं मोठी केली, आणखी मोठी केली, आणि परत दिला. मिस्त्र्यांनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली, ओठ हलवत, सावकाश.

“हं,” ते म्हणाले. “हे आधीच केलं असतंत, तर एवढं सगळं झालंच नसतं.”

यावर काय बोलायचं ते तिच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण मिस्त्री वयाने मोठे होते. तिने स्टूल जागेवर ठेवलं आणि म्हणाली, “पहिली नोंद काढा. आजची. मी थांबते.”